खरा भार सांगणारा ग्राहक

विजेचा दाब कमी-अधिक होऊ लागला की फ्रीजला जपण्यासाठी स्टॅबिलायझर बसवला जातो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. बाहेरून येणारा दाब कसाही असो, आतील यंत्राला ठरलेलाच दाब मिळावा, एवढेच त्याचे काम. मोबाइल फोनच्या आतही असे राखणदार असतात, आणि ते एक-दोन नव्हेत, तर पुष्कळदा डझनांनी मोजावे लागतात. फोनची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक दाब देते. ती रिकामी होत आली की हाच दाब साडेतीन व्होल्टच्या आसपास उतरतो. प्रोसेसरच्या गाभ्याला मात्र सुमारे एक व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाब लागतो. एखाद्या चिपला १.८ व्होल्ट लागतात, तर मेमरी कार्डाला ३ व्होल्टच्या आसपास. एका बॅटरीतून इतक्या वेगवेगळ्या मागण्या पुरवणाऱ्या या छोट्या मंडलांना व्होल्टेज रेग्युलेटर म्हणतात. हे नाव ऐकताच पंख्याची गती बदलणारी गोल खुंटी डोळ्यांपुढे येते. पण येथील रेग्युलेटर त्या जातीचा नाही, तो स्टॅबिलायझरच्या जातीचा आहे.

फोनमध्ये हे रेग्युलेटर सुटे-सुटे क्वचितच असतात. वीजव्यवस्थापनाच्या एकाच चिपमध्ये ते एकत्र नांदतात आणि प्रोसेसर त्या चिपला वेळोवेळी आज्ञा देत असतो. कोणत्या वेळी कोणती आज्ञा द्यायची, याचा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये होतो. अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेले लिनक्स कर्नेल हा निर्णय कसा घेते, हे व्यापारी घरांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. प्रश्न विजेचा असला तरी त्याचे मूळ सामाईक साधनाच्या हिशेबात आहे.

राखणदाराचा स्वतःचा खर्च

रेग्युलेटर फुकट काम करीत नाही. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार सरळ, म्हणजे लिनिअर रेग्युलेटरचा. हा जादा दाब उष्णतेच्या रूपाने टाकून देतो. ३.८ व्होल्टमधून १.८ व्होल्ट काढायचे असतील, तर शंभर भाग विजेपैकी जेमतेम सत्तेचाळीस भाग कामी येतात आणि उरलेले तापण्यात जातात. त्यातून मिळणारा दाब मात्र स्वच्छ आणि स्थिर असतो. दुसरा प्रकार स्विचिंग रेग्युलेटरचा. हा आपली कळ सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करून, वीज छोट्या-छोट्या घासांनी पुढे पाठवतो. यात उष्णता फारशी वाया जात नाही. म्हणून मोठ्या भारासाठी हाच वापरला जातो.

परंतु प्रत्येक उघडझापीलाही थोडी वीज लागते. भार मोठा असताना हा खर्च नगण्य वाटतो. भार अगदी लहान झाला की तोच डोळ्यांत भरतो. वखारीतून दुकानात माल नेणाऱ्या ट्रकचे उदाहरण येथे चपखल बसते. दुकानात गर्दी असताना दर तासाला ट्रक सोडणे परवडते. दुपारच्या सामसुमीतही तो दर तासाला एकेक पोते घेऊन धावत राहिला, तर डिझेल आणि चालकाचा पगार मालाच्या नफ्याला खाऊन टाकतो. त्या वेळी शहाणा व्यापारी वेळापत्रक बाजूला ठेवतो आणि दुकानातील माल ठरावीक पातळीखाली गेला की मगच फेरी काढतो.

स्विचिंग रेग्युलेटरही नेमके हेच करू शकतो. एका रीतीत तो ठरलेल्या तालावर अखंड उघडझाप करतो. दुसऱ्या रीतीत दाब थोडा उतरल्याचे दिसले की तेवढ्यापुरतेच विजेचे घास पाठवतो आणि मग गप्प बसतो. दुसऱ्या रीतीत हलक्या भाराला मोठी बचत होते. पण तिची किंमत मोजावी लागते. दाब किंचित वर-खाली हेलकावत राहतो. शिवाय मागणी अचानक वाढली तर पुरवठा तिला गाठेपर्यंत दाब खाली कोसळू शकतो. सामसुमीच्या रीतीवर चालणाऱ्या दुकानात एकाएकी लग्नघरची मोठी मागणी आली, तर जे होईल तेच येथे होते. सरळ रेग्युलेटरलाही अशा दोन रीती असतात. त्याच्या आतील नियंत्रक मंडलाला पुरेशी वीज दिली तर तो चपळ राहतो. ती तोडली तर तो स्वतः कमी खातो, पण संथ होतो आणि मोठा भार पेलू शकत नाही. रेग्युलेटरच्या या रीतींनाच ‘मोड’ म्हणतात.

बचत किती, याचा अंदाज साध्या त्रैराशिकाने येतो. एखाद्या भागाला १० मिलिवॅट वीज हवी आहे आणि नेहमीच्या मोडमध्ये रेग्युलेटरची कार्यक्षमता ७० टक्के आहे, असे समजा. मग बॅटरीतून १४.३ मिलिवॅट जातील. हलक्या मोडमध्ये कार्यक्षमता ९० टक्के झाली तर ११.१ मिलिवॅट पुरतील. फरक केवळ ३.२ मिलिवॅटचा. ४००० मिलिअँपिअर-तासांच्या फोनमध्ये असे दहा रेग्युलेटर रात्रीचे आठ तास नको त्या मोडमध्ये राहिले, तर बॅटरीचा दीड टक्क्याहून थोडा अधिक भाग उगाच जातो. पण मनगटावरच्या घड्याळात ३०० मिलिअँपिअर-तासांचीच बॅटरी असेल, तर असा एकच रेग्युलेटर दिवसाकाठी तिचा साडेसहा टक्क्यांहून अधिक भाग गिळतो. यंत्र जितके लहान, तितकी ही गळती मोठी.

चार मोड, एक चौकट

लिनक्स कर्नेलमध्ये रेग्युलेटर हाताळण्याची समान चौकट २००८ साली, २.६.२७ या आवृत्तीत दाखल झाली. एडिनबरो येथील वोल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करणारे लियाम गर्डवुड आणि मार्क ब्राउन यांनी ती उभी केली. त्याआधी सर्वांसाठी समान पद्धत नव्हती. एका यंत्रासाठी लिहिलेला हिशेब दुसऱ्या यंत्रात जसाच्या तसा नेणे कठीण होते.

या चौकटीत मोडना चार सामान्य नावे आहेत. पहिला ‘फास्ट’: भार झपाट्याने बदलत असेल, उदाहरणार्थ प्रोसेसरचा वेग क्षणात वाढत असेल, तेव्हा यात रेग्युलेटर सर्वांत चपळ असतो आणि सर्वांत खर्चीकही. दुसरा ‘नॉर्मल’: बहुतेक भाग आयुष्यभर यातच समाधानाने राहतात. तिसरा ‘आयडल’: हलक्या भारासाठी, अधिक काटकसरी, पण दाबात थोडी अस्वच्छता आणणारा. चौथा ‘स्टँडबाय’: यंत्र निजलेले असतानाच्या अत्यल्प भारासाठी, सर्वांत काटकसरी आणि सर्वांत नाजूक. चिपच्या माहितीपत्रकात मोडची नावे वेगळी असू शकतात. प्रत्येक रेग्युलेटरला चारही मोड असतात असेही नाही. कित्येकांना दोनच असतात. चिपची भाषा आणि चौकटीची भाषा यांची सांगड घालणे हे त्या रेग्युलेटरच्या ड्रायव्हरचे, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या आज्ञावलीचे काम.

चौकटीत प्रत्येकाची भूमिका वाटून दिली आहे. वीज पुरवणारा तो रेग्युलेटर. वीज घेणारा प्रत्येक भाग, मग तो स्पर्शपडदा असो, कॅमेरा असो वा मेमरी कार्ड, तो ‘ग्राहक’. कर्नेलच्या दस्तऐवजांतही त्याला याच अर्थाचा शब्द आहे. या दोघांच्या मध्ये चौकटीचा गाभा बसलेला असतो, जुन्या पेढीवर दिवाणजी बसत तसा. ग्राहक रेग्युलेटरशी थेट बोलत नाही. तो दिवाणजीला सांगतो आणि दिवाणजी सर्व नोंदी पाहून आज्ञा सोडतो.

मोड कोणी ठरवावा

मोड बदलण्याचे दोन मार्ग या चौकटीने मोकळे ठेवले आहेत. पहिला थेट मार्ग: ग्राहकाचा ड्रायव्हर ‘मला अमुक मोड हवा’ असे सांगतो. दुसरा अप्रत्यक्ष मार्ग: ड्रायव्हर मोडचे नावही काढत नाही. आपण किती वीज घेणार, एवढेच तो मायक्रोअँपिअरमध्ये सांगतो. गाभा त्या रेग्युलेटरच्या सर्व ग्राहकांच्या भारांची बेरीज करतो, आत येणारा आणि बाहेर जाणारा दाब पाहतो आणि एवढ्या एकूण भाराला योग्य मोड कोणता, हे रेग्युलेटरच्या ड्रायव्हरला विचारतो.

वरकरणी पहिला मार्ग सोपा आणि सरळ वाटतो. ज्याला हवे त्याने मागावे, यात वावगे काय? वावगे एवढेच की एकाच रेग्युलेटरवर अनेक ग्राहक असू शकतात आणि ग्राहकाला आपल्या शेजाऱ्याची वार्ताही नसते. तोच ड्रायव्हर एका फोनमध्ये स्वतंत्र रेग्युलेटरवर चालतो, तर दुसऱ्या फोनमध्ये तीन शेजाऱ्यांबरोबर. म्हणून कर्नेलचे दस्तऐवज स्पष्ट सांगतात: आपला रेग्युलेटर ज्याला नीट ठाऊक आहे आणि ज्याच्याबरोबर त्यात दुसरा कोणी वाटेकरी नाही, त्यानेच थेट मार्ग धरावा. इतर सर्वांनी भार सांगावा.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका सरळ रेग्युलेटरवर एक संवेदक आणि स्पर्शपडदा असे दोन ग्राहक आहेत, असे समजा. १० मिलिअँपिअरपर्यंतचा भार हा रेग्युलेटर हलक्या मोडमध्ये पेलतो, त्यापुढे त्याला पूर्ण मोड लागतो. क्वालकॉमच्या वीजव्यवस्थापन चिपमधील काही सरळ रेग्युलेटरांसाठी कर्नेलच्या ड्रायव्हरमध्ये हाच १० मिलिअँपिअरचा उंबरठा नोंदलेला आहे. काहींसाठी तो ३० आहे. फोन खिशात असताना संवेदक ३ आणि पडदा ४ मिलिअँपिअर घेतो. बेरीज सात; हलका मोड पुरेसा. माणसाने पडद्यावर बोट ठेवले की पडद्याची गरज ९ होते, बेरीज बारा होते आणि गाभा पूर्ण मोड लावतो. बोट उचलले की पुन्हा सात.

आता संवेदकाच्या ड्रायव्हरने थेट मार्ग धरला आणि ‘माझे काम संपले, आयडल करा’ अशी आज्ञा दिली, अशी कल्पना करावी. त्याच क्षणी पडदा पूर्ण जोरात काम करीत असेल, तर रेग्युलेटर हलक्या मोडमध्ये जाईल आणि बारा मिलिअँपिअरच्या ओझ्याखाली दाब खचेल. संवेदकाने स्वतःपुरता काटकसरीचाच विचार केला होता; त्याच्या हेतूत खोट नव्हती. पण सामाईक वखारीतील एका भागीदाराने आपली विक्री मंदावली म्हणून परस्पर सर्वांचा ट्रक बंद करावा, तसा हा प्रकार झाला. एकूण मागणी ज्याच्या नजरेसमोर आहे, त्यानेच साधनाचा निर्णय घ्यावा, हे या रचनेचे सूत्र आहे.

नोंद न करणाऱ्याचा दोष

ही व्यवस्था ग्राहकांच्या सत्यकथनावर उभी आहे, आणि तिचे दुखणेही तेथेच आहे. ग्राहकाने भार सांगितलाच नाही तर गाभा त्याचा भार शून्य धरतो. भार सांगणे म्हणजे विजेला बांध घालणे नव्हे. तो न सांगताही भाग हवी तेवढी वीज ओढत राहतो. फरक इतकाच की खतावणीत ती दिसत नाही. एका ग्राहकाने नोंद केली, दुसऱ्याने केली नाही, तर बेरीज खरी भासते, पण अपुरी असते. गाभा त्या अपुऱ्या बेरजेवर विसंबून हलका मोड लावतो आणि खरा भार त्या मोडच्या ताकदीपलीकडे जातो.

याचे परिणाम चमत्कारिक असतात. ज्याने नोंद केली नाही तो भाग कदाचित निर्धास्त चालतो आणि त्याच्या शेजारचा, दाबाच्या बाबतीत अधिक हळवा भाग अडखळतो. मेमरी कार्ड मधूनच वाचले जात नाही, स्पर्शपडदा चुकीच्या जागी बोट दाखवतो, एखादा भाग अधूनमधून नव्याने सुरू होतो. दोष सतत दिसत नाही. दोन ग्राहकांचे काम नेमके एकाच क्षणी आले तरच दिसतो. ग्राहक फोन घेऊन दुकानात येतो, दुकानदार कार्ड बदलून देतो, तक्रार चार दिवस थांबते आणि पुन्हा उगवते. कार्ड निर्दोष असते. खोट न झालेल्या नोंदीत असते. मोबाइलच्या व्यवसायात असलेल्या कुटुंबांना हा अनुभव नवा नसावा. कारण वेगळेही असू शकते, पण सुटा भाग बदलूनही वारंवार परतणाऱ्या तक्रारीत कंपनीने दिलेले सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहणे शहाणपणाचे ठरते, ते याचसाठी. मोडचा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याची दुरुस्तीही तेथूनच येते.

नोंदीतील एकक चुकले तरी हाच अनर्थ ओढवतो. चौकट मायक्रोअँपिअर मोजते, माहितीपत्रके मात्र बहुधा मिलिअँपिअर बोलतात. दहा मिलिअँपिअर सांगताना दहा हजार लिहावे लागतात. कोणी नुसते दहा लिहिले तर मागणी हजारपटीने लहान होते आणि यंत्र एका शब्दानेही तक्रार करीत नाही.

जास्त सांगणाऱ्याचा दोष

कमी सांगणे धोक्याचे, म्हणून जास्तच सांगून ठेवावे, असा विचार सहज सुचतो. तोही खोटाच हिशेब. प्रत्येक ग्राहकाने भीतीपोटी दुप्पट भार सांगितला तर बेरीज कधीच उंबरठ्याखाली येणार नाही, रेग्युलेटर अखंड खर्चीक मोडमध्ये राहील आणि मोडची सारी रचना कागदावर उरेल. माहितीपत्रकात निरनिराळ्या अवस्थांतील कमाल विजेचे तक्ते असतात. त्या-त्या अवस्थेतील कमाल आकडा हाच प्रामाणिक आकडा: सरासरी सांगितली तर ऐन वेळी कमी पडते, आणि जागेपणीचा आकडा झोपेतही तसाच ठेवला तर उधळपट्टी होते.

काम संपल्यावर नोंद काढून घेणे हाही प्रामाणिकपणाचाच भाग आहे. या बाबतीत चौकटीच्या गाभ्यात एक मोठी उणीव बरीच वर्षे होती. ग्राहकाने रेग्युलेटरची गरज नसल्याचे कळवले, तरी त्याने पूर्वी सांगितलेला भार बेरजेत तसाच मोजला जात असे. दुकान बंद झाले, पण त्याच्या नावावरची रोजची मागणी खतावणीत चालू राहिली, असा हा प्रकार. त्यामुळे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना बंद करताना आठवणीने भार शून्य सांगावा लागे आणि पुन्हा सुरू करताना तो नव्याने भरावा लागे. विसर पडला की सोबतच्या ग्राहकांसाठी रेग्युलेटर विनाकारण वरच्या मोडमध्ये अडकून पडे. २०१८ च्या अखेरीस गाभ्यात बदल झाला: ज्या ग्राहकाने रेग्युलेटर चालू ठेवण्याची मागणी केलेली आहे, केवळ त्याचाच भार मोजायचा. त्यानंतर ड्रायव्हरने आरंभीच आपला भार सांगून ठेवला तरी तो केवळ कामाच्या वेळीच हिशेबात धरला जातो. शेकडो ड्रायव्हरांनी आठवण ठेवण्यापेक्षा दिवाणजीने एक नियम पाळणे अधिक भरवशाचे, हा त्यातील विवेक.

काही भार असेही असतात की त्यांच्या वतीने बोलणारा ड्रायव्हरच नसतो. रेग्युलेटरवरून थेट वीज घेणारा एखादा मुका भाग असतो. त्यासाठी यंत्राच्या वर्णनात ‘व्यवस्थेचा स्थायी भार’ म्हणून एक आकडा लिहिण्याची सोय आहे आणि तो बेरजेत कायम मिळवला जातो. पावती न मिळणारा, पण होतोच होतो असा खर्च जाणता हिशेबनीस ज्या रीतीने आधीच बाजूला काढतो, तीच ही रीत.

परवानगीची पाटी

ग्राहकांनी खरा भार सांगितला आणि गाभ्याने बेरीज बिनचूक केली, तरी एक पायरी उरते. मोड बदलण्याची परवानगी आहे का? ही परवानगी ग्राहक देत नाही, रेग्युलेटरही देत नाही. ज्याने फोनचा किंवा संगणकाचा बोर्ड रचला, तो ती देतो. बोर्डाच्या वर्णनात प्रत्येक रेग्युलेटरसमोर त्याच्या मर्यादा लिहिलेल्या असतात: दाब किती ते किती, कोणते मोड चालतील, आरंभीचा मोड कोणता, भारानुसार मोड बदलायचा की नाही, यंत्र निजल्यावर कोणता मोड ठेवायचा. जेथे परवानगी लिहिलेली नाही तेथे गाभा हात लावत नाही. चुकीच्या दाबाने किंवा मोडने महागडी चिप बिघडू शकते. म्हणून मौन म्हणजे संमती, असे येथे मानले जात नाही.

परवानगी अर्धवट लिहिली तर काय होते, याचे उदाहरण २०२२ साली दिसले. क्वालकॉमच्या रेग्युलेटरांचा ड्रायव्हर त्या वर्षी चौकटीच्या सर्वसाधारण शिस्तीत आणला गेला. कित्येक बोर्डांच्या वर्णनांत ‘भार सांगण्यास परवानगी आहे’ असे लिहिले होते, पण कोणते मोड चालतील ही यादीच दिलेली नव्हती. जुना ड्रायव्हर ती उणीव खपवून घेत असे. नव्या शिस्तीत मात्र भार सांगणाऱ्या ग्राहकाला नकार मिळू लागला, कारण निवड करण्यास एकही मोड मान्य नव्हता. मग त्या-त्या बोर्डांच्या वर्णनांत मान्य मोडची यादी लिहून दुरुस्ती करावी लागली. मुखत्यारपत्र दिले, पण कोणत्या व्यवहारासाठी ते लिहिलेच नाही, अशा कागदाची जी गत कचेरीत होते, तीच येथे झाली.

मान्य यादीत नेमका मागितलेला मोड नसेल तर गाभा काय करतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चार मोडना कर्नेलमध्ये १, २, ४ आणि ८ असे अंक आहेत: सर्वांत खर्चीक ‘फास्ट’ला एक, सर्वांत काटकसरी ‘स्टँडबाय’ला आठ. मागितलेला मोड मान्य नसेल तर गाभा त्या अंकाला दोनाने भागतो आणि पुढचा मोड तपासतो. आठवरून चार, चारवरून दोन, दोनवरून एक. ही वाट एकाच दिशेने जाते, अधिक ताकदीच्या मोडकडे. ‘आयडल’ मान्य नसेल तर ‘नॉर्मल’ दिला जाईल. ‘नॉर्मल’ मागणाऱ्याच्या हाती ‘आयडल’ कधीही ठेवला जाणार नाही. थोडी वीज वाया गेली तरी चालेल, पण घेणाऱ्याला कमी पडता कामा नये. मापात शंका असेल तर पारडे गिऱ्हाइकाकडे झुकू देणारा व्यापारी हा नियम सांगितल्याविना ओळखेल.

लिहिणाऱ्या हातांसाठी

व्यापारी घरांतील कित्येक मुले-मुली आज संगणकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकत आहेत. काही जण अशाच आज्ञावली लिहिण्याच्या कामावर आहेत. त्यांच्यासाठी या चौकटीतून निघणारी शिस्त थोडक्यात मांडता येते. रेग्युलेटर आपल्या एकट्याचा आहे अशी खात्री नसेल तर मोड मागू नये, भार सांगावा. आकडा अंदाजाने नव्हे, माहितीपत्रकातील त्या अवस्थेच्या कमाल तक्त्यावरून घ्यावा आणि एकक दोनदा तपासावे. गरज वाढणार असेल तर काम सुरू करण्यापूर्वी सांगावे. गरज घटणार असेल तर काम खरोखर थांबल्यावर सांगावे. हा क्रम उलटला की मधल्या क्षणांत रेग्युलेटर अपुरा पडतो. चौकटीने नकार दिला तर तो दुर्लक्षू नये. नकार म्हणजे बहुधा बोर्डाच्या वर्णनात काहीतरी लिहायचे राहिल्याची खूण असते.

शेवटी पडताळणी. चालू यंत्रात प्रत्येक रेग्युलेटरचा सद्य मोड, त्याच्या ग्राहकांची संख्या आणि मागितलेल्या भाराची बेरीज पाहण्याची सोय लिनक्सने ठेवलेली आहे. तपासणीच्या साधनांत सर्व रेग्युलेटर आणि त्यांचे ग्राहक यांचा गोषवाराही एका तक्त्यात मिळतो. तो तक्ता एका बाजूला आणि मीटरने प्रत्यक्ष मोजलेली वीज दुसऱ्या बाजूला ठेवली, की नोंद आणि रोकड यांचा मेळ बसतो की नाही, ते कळते. मेळ बसत नसेल तर कोणीतरी आपला भार सांगितलेला नाही किंवा सांगून परत घेतलेला नाही.

बॅटरी मोठी करणे हा काटकसरीचा एकमेव उपाय नव्हे. ती मोठी केली की फोन जड आणि महाग होतो. आहे त्याच बॅटरीत अधिक वेळ काढण्याचा हा मार्ग कोणत्याही भागाला उपाशी ठेवत नाही आणि कोणाला गरजेपेक्षा जास्त देतही नाही. तो प्रत्येकाकडून एकच अपेक्षा करतो: आपली गरज जेवढी आहे तेवढीच आणि ज्या वेळी आहे त्याच वेळी सांगावी. एवढे झाले तर बेरीज खरी येते, आणि खऱ्या बेरजेवर घेतलेला निर्णय सर्वांना पुरतो.